आपला डाव येईपर्यंत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी पाच पोरं जमतात. सुरतेहून नणंदेची दोघं, थोरला १७ वर्षांचा आणि धाकटा १४ चा. पुण्याहून दिरांची मुलगी, वय १५. माझी लेक १६ ची, दहावीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झालेली. शिवाय शेजारचा १३ वर्षांचा मुलगा, जो सुट्टीत जेवतोही आमच्याकडेच. अमळनेरला त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर असतो. सकाळी दहाच्या आत बाजार, संध्याकाळी सहानंतर गच्ची आणि मधले आठ तास बंद दाराआड कूलरसमोर. गेल्या वर्षी त्या आठ तासांत पाच कोपऱ्यांत पाच मोबाइल होते. जेवायला हाक मारली की सगळी येऊन बसत आणि एकमेकांशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. वर्षातून एकदा भेटणारी सख्खी-चुलत-आते भावंडं ही. मला ते फार लागलं.

म्हणून या वर्षी फेब्रुवारीतच ठरवलं, की पोरांसाठी खेळ आणायचे आणि नीट पारखून आणायचे.

सुरुवात जळगावच्या फुले मार्केटपासून केली. दुकानांत लूडो, सापशिडी, कॅरम, बुद्धिबळ, व्यापार आणि उनो एवढं सहज मिळतं. व्यापार मी लहानपणी जीव तोडून खेळले होते, म्हणून तोच उचलला. सोबत इंग्रजीतला सामान्यज्ञानाचा एक खेळही घेतला. मार्चमधल्या एका रविवारी लेक, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारचा मुलगा यांना बसवून दोन्ही खेळून पाहिले.

सामान्यज्ञानाचा खेळ पंधरा मिनिटांत आवरला. ज्याला उत्तर येत नाही तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. तेरा-चौदाच्या वयात त्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. शेजारचा मुलगा दोनदा चुकला आणि तिसऱ्या वेळी प्रश्न ऐकायच्या आधीच म्हणाला, "काकू, मला नाही येत." हे मला आधीच कळायला हवं होतं. मी शाळेत गणित शिकवते, आणि असा चेहरा रोज समोर असतो.

व्यापाराचं वेगळं झालं. पहिली वीस मिनिटं सगळी रंगली होती. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. एकीने फासे टाकले, शहर घ्यायचं की नाही याचा विचार केला, पैसे मोजले, सुट्टे मागितले. तिचा डाव पुन्हा यायला साडेचार मिनिटं लागली. त्या साडेचार मिनिटांत तिचा हात मोबाइलकडे गेला. दुसऱ्या फेरीत दोघींचा गेला. पन्नासाव्या मिनिटाला शेजारच्या मुलाचं दिवाळं निघालं आणि तो उठून कूलरजवळ जाऊन बसला. बाकीच्यांचा खेळ तासभर चालू राहिला, तो मात्र रील बघत होता.

पुढे या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा असं का होतं ते समजलं. त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या खेळात आहे. जमीन एकाच्या हातात गेली की बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना दाखवून द्यायचं म्हणून त्यांनी तो रचला होता. त्याचंच रूप पुढे १९३५ मध्ये मोनॉपॉली म्हणून बाजारात आलं आणि आपला व्यापार त्याच घराण्यातला. म्हणजे एकेकाने भिकेला लागून बाहेर पडणं हाच त्या खेळाचा गाभा आहे. गणिताच्या तासाला दाखवायला तो चांगला आहे. वर्षातून चार दिवस भेटणाऱ्या भावंडांसाठी नाही.

त्या रविवारी रात्री मी वहीत एकच प्रश्न लिहिला, 'आपला डाव येईपर्यंत पोरं काय करतात?' खोक्यावर छापलेलं वय, चित्रं, लोकांनी दिलेले तारे हे सगळं मी त्यानंतर बाजूला ठेवलं. मोबाइल काढून घ्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. काढून घेतलेला मोबाइल डोक्यात चालूच राहतो. तो शेजारी पडलेला असावा आणि हाताला त्याची आठवण होऊ नये, असा खेळ मला हवा होता.

पहिला मिळाला तो कटान. एका सहकाऱ्याच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे होता, तो महिनाभरासाठी मागून आणला, कारण नवीन घ्यायचा तर तीन हजारांच्या आसपास खर्च होता. जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांचा १९९५ चा हा खेळ. षटकोनी तुकड्यांचं बेट मांडायचं, त्यावर घरं आणि रस्ते बांधायचे, त्यासाठी लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज गोळा करायचं. ज्याचे दहा गुण आधी होतील तो जिंकला. मला त्यात आवडलं ते असं, की फासे कुणीही टाकले तरी बेरजेचा आकडा ज्या तुकड्यावर असेल त्याचा माल, ज्याचं ज्याचं घर त्या तुकड्याला लागून आहे, त्या सगळ्यांना मिळतो. शिवाय ज्याचा डाव असेल तो बाकीच्यांशी देवाणघेवाण करू शकतो. दुसऱ्याच्या डावातही आपलं काम असतंच.

नियम समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. ओट्यावरची आवराआवर झाली की जेवणाच्या टेबलावर चौघांची घरं एकटीच मांडून खेळायचे. हे करावंच लागतं. पोरांसमोर पुस्तिका उघडून 'थांबा हं, बघते' म्हटलं की त्यांचा धीर सुटतो. नियम दहा मिनिटांत तोंडी सांगता यायला हवेत, उरलेले खेळता खेळता.

आखाजीच्या आधी तीन दिवस पोरं आली. कटान फक्त चौघांचा, पाच-सहा जणांसाठी वेगळा जोडसंच घ्यावा लागतो. हे मी आधी पाहिलंच नव्हतं. शेवटी धाकटा भाचा आणि शेजारचा मुलगा एकाच रंगाचे भिडू झाले. ती अडचण पथ्यावरच पडली, कारण दोघं डोकी एकत्र करून कुजबुजायला लागली आणि गेल्या वर्षी जी दोघं चार वाक्यंही बोलली नव्हती, ती रात्री गच्चीवर शेजारी शेजारी झोपली.

धाकट्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "मामी, सहा आणि आठच्या खाली पाच-पाच टिंबं का आहेत? दोनच्या खाली एकच."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. दोन फाशांच्या ३६ जोड्या, त्यांतल्या पाच जोड्यांची बेरीज सहा, पाचांची आठ, एकीचीच दोन. हे मी दरवर्षी फळ्यावर मांडते. पण शिकवण्याचा वास आला की खेळ तिथेच संपतो, म्हणून मी "बघ बरं" एवढंच म्हटलं. दुपारी तो वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारत बसला होता. एकेक फासा दोन्ही हातांत धरून सगळ्या जोड्या मांडत होता. संध्याकाळच्या डावात त्याने पहिलं घर सहा, नऊ आणि पाच यांच्या कोपऱ्यावर ठोकलं, आणि थोरल्याने कितीही आमिष दाखवलं तरी खनिज सोडलं नाही.

थोरल्याबद्दल सांगायला हवं. तो हुशार आहे आणि सगळ्यात मोठा, त्यामुळे सगळ्यांना चालवायला बघतो. सगळ्यांनी मिळून जिंकायचे किंवा हरायचे असेही खेळ असतात. मॅट लीकॉक यांचा २००८ चा पॅन्डेमिक त्यांतला प्रसिद्ध. चार रोगांच्या साथी आटोक्यात आणायच्या, सगळे एका बाजूला. तो घ्यावा असं फार मनात होतं. पण त्यात सगळं सगळ्यांना दिसतं. मला डोळ्यांसमोर आलं, थोरला म्हणतोय, 'तू इकडे जा, तू हे पान टाक', आणि बाकीचे चौघे त्याचे हमाल झालेत. म्हणून तो खेळ बाद केला.

त्याच्या जागी मिळाला हानाबी. अंत्वान बोझा या फ्रेंच माणसाचा हा पत्त्यांचा खेळ, २०१० चा. त्याला २०१३ मध्ये जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मानाचा पुरस्कार मिळाला. नावाचा अर्थ जपानीत शोभेची आतषबाजी. यातही सगळे एका बाजूला, पण पत्ते उलटे धरायचे. म्हणजे आपले पत्ते सोडून बाकी सगळ्यांचे आपल्याला दिसतात. प्रत्येक रंगाचे पत्ते एक ते पाच असे क्रमाने लावत न्यायचे आणि दुसऱ्याला फक्त त्याच्या हातातला एखादा रंग किंवा एखादा आकडा दाखवून द्यायचा. सूचना मोजक्याच, आठ. तिसरी चूक झाली की डाव संपला. ज्याला स्वतःचेच पत्ते दिसत नाहीत तो दुसऱ्यावर काय हुकूम चालवणार? थोरल्याला आयुष्यात पहिल्यांदा १३ वर्षांच्या मुलाच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं. तो काय सांगतोय, आणि मुख्य म्हणजे का सांगतोय, हे त्याला समजून घ्यावं लागत होतं.

हा खेळ मी विकत घेतलाच नाही. घरचे साधे पत्ते वापरले. खऱ्या खेळात पाच रंग असतात, आपल्याकडे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार. प्रत्येकातले एक्के तीन, दुर्री-तिर्री-चव्वी दोन-दोन आणि पंजी एक, असे दहा, म्हणजे एकूण ४० पत्ते. सूचनांसाठी आठ चिंचोके, चुकांसाठी तीन काडेपेटीच्या काड्या. त्यासाठी तीन कॅट लागतात आणि तिन्ही एकाच छापाचे हवेत. पाठीचा रंग जरा जरी वेगळा असला तरी आपल्या हातातला पत्ता कोणत्या कॅटमधला ते कळतं आणि सगळी गंमत जाते. हे मी पैसे घालवून शिकले. मार्चमध्ये ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या एका खेळाचे पत्ते असेच निघाले होते, निम्म्यांची पाठ फिकट. परतही घेतले नाहीत.

पण पत्ते घरात आणणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. खान्देशात आखाजीला पत्त्यांचा डाव मांडायची जुनी रीत आहे. बायका-मुली झोक्यावर, आणि पुरुषमंडळी झाडाखाली, पारावर पत्ते घेऊन. त्यात पैसाही लागतो. माझ्या सासूबाईंचं माहेर त्यात पोळलेलं आहे. कॅट बघताच त्या म्हणाल्या, "पत्तासनी मन्हा भाऊनं वावर खादं." आणि उठून आत गेल्या.

मी मागोमाग गेले. वाद घातला नाही, घालायचा हक्कही नव्हता. एवढंच म्हटलं, "आई, पैसा नाही, शेंगदाणे नाहीत, चिंचोकेसुद्धा जिंकण्या-हरण्यासाठी नाहीत. तुमच्यासमोर खेळतील, दार उघडं ठेवून. तुम्हाला नको वाटलं तर त्याच क्षणी कॅट उचलते." त्या बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी नाना, म्हणजे माझे सासरे, पोरांना मेंढीकोट शिकवायला बसले तेव्हा त्या ओसरीवरच्या झोक्यावर आल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

मेंढीकोटाबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. दुकानातला कोणताही नवा खेळ आणण्याआधी तो पोरांना यायला हवा. चौघे, समोरासमोरचे दोन भिडू, १३-१३ पत्ते. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या पकडायच्या. तीन ज्यांच्याकडे ते जिंकले, चारही मिळाल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. नाना बंद हुकूम खेळतात, म्हणजे बाकीच्यांवर भारी पडणारा रंग झाकलेला. एकजण एक पान पालथं ठेवतो, ते कोणत्या रंगाचं हे त्यालाच ठाऊक. उतारीच्या, म्हणजे पहिल्याने टाकलेल्या रंगाचं पान ज्याच्याकडे नसेल त्याला हुकूम उघडायला सांगता येतं. एका डावात माझ्या लेकीकडे चौकट नव्हती. ती सांगणार तोच समोरून नानांनी पानं हातात सारखी करत घसा खाकरला. तिने त्यांच्याकडे बघितलं, हुकूम उघडायला न सांगता किलवरची तिर्री टाकून हात सोडून दिला, आणि पुढच्या उतारीला इस्पिकची दश्शी आपसूक त्यांच्या पदरात पडली. खाणाखुणा करायच्या नाहीत हा नियम आहे आणि नानांना तो चांगला माहीत आहे. थोरल्याने तिथल्या तिथे तक्रार केली. नाना म्हणाले, "घसा म्हातारा झालाय रे बाबा." मग डाव पुन्हा वाटला. या खेळात एक हात व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. आपला डाव येईपर्यंत मोबाइल उचलायला सवडच नाही.

पाच जण असले की मेंढीकोट जमत नाही, तेव्हा चॅलेंज. पत्ते पालथे टाकत 'तीन सत्त्या' म्हणायचं, खरं असो वा खोटं. पुतणी शांत, कमी बोलणारी. तीच सगळ्यांत बेमालूम खोटं बोलते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं.

सिक्वेन्स मी नानांसाठी म्हणून घेतला, कारण त्याचा पट मोठा आहे आणि त्यावर ओळखीचे पत्तेच छापलेले असतात. हातातलं पान टाकून पटावरच्या त्या पानावर सोंगटी ठेवायची, पाच एका ओळीत आणायच्या. सहा जण दोन किंवा तीन बाजूंनी बसतात, पाच जण मात्र बसत नाहीत, हे घेण्याआधी लक्षात ठेवावं. तो चांगला चालला, पण पोरांनी स्वतःहून काढला असं दोनदाच झालं. तिकीट टू राइड दिवाळीसाठी मनात आहे. अ‍ॅलन मून यांचा २००४ चा, गाड्यांचे मार्ग जोडायचा. प्रत्येक डावात एकच काम करायचं असल्याने फेरी भराभर फिरते. शिवाय सुरत-भुसावळ गाडीने येणाऱ्या पोरांना रेल्वेचा खेळ आवडणार.

आणि ज्याने खरी उन्हं उतरवली तो कोडनेम्स. व्लादा ख्वातिल यांचा, २०१५ चा. पाच बाय पाच अशा २५ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द. त्यांतले नऊ एका गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कुणाचेच नाहीत आणि एक काळा. काळ्याला हात लागला की गट तिथेच हरला. कोणता शब्द कुणाचा हे फक्त सांगणाऱ्यांना माहीत. सांगणारा एक शब्द आणि एक आकडा बोलतो, बाकीच्यांनी ओळखायचं. इंग्रजी खोकं पाहिलं, पण पोरांना इंग्रजी शब्दांचा पहिला अर्थ येतो, दुसरा येत नाही. हा खेळ तर सगळा दुसऱ्या अर्थावर चालतो. म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि कोऱ्या बाजूला मराठी शब्द लिहिले. दीडशे. लिहिताना कळत गेलं, की 'ट्रॅक्टर' हा शब्द निरुपयोगी आहे आणि 'पान' सोन्याचं. पान झाडाचं, वहीचं, विड्याचं, पत्त्यांचं, जेवणाचं. तसेच काळ, नाव, तार, रस, घाट, कळ.

चौथ्या दिवशी दुपारी मीही बसले, तीन विरुद्ध तीन. लेक सांगणारी, थोरला आणि शेजारचा मुलगा ओळखणारे. ती म्हणाली, "लग्न, तीन."

'वर' लगेच सापडला. 'हार' सापडला. मग दोन शब्दांवर गाडी अडली, 'पाट' आणि 'मान'.

"मान," थोरला म्हणाला. "लग्नात मानपान नसतो का? दरवेळी कुणीतरी रुसतंच."

"पाट असेल," शेजारचा म्हणाला.

"पाट शेतात असतो. पाण्याचा."

लेक सांगणारी, तिला चेहऱ्यावर काही दाखवायची मुभा नाही. तिने ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. दुसऱ्या बाजूचा धाकटा श्वास रोखून बसला होता. थोरल्याने 'मान'वर बोट ठेवलं, आणि मान काळा होता.

लेक उसळलीच, "अरे, पाटावर बसवतात ना नवरदेवाला!"

तेव्हा झोक्यावरून आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, पाट लागणं म्हणजे तर बाईचं दुसरं लग्न. विधवा झालेल्या, टाकलेल्या बाईचं. पोरं वळून बसली. तसं लग्न कसं लागायचं, दिवसा की रात्री, वाजंत्री असायची का, पहिली लेकरं कुठे जायची, एकामागून एक प्रश्न. त्यांच्या एका आत्याचा पाट लागला होता, ते त्यांनी सांगितलं. मला लग्नाला वीस वर्षं झाली, मी ते पहिल्यांदा ऐकलं. पुतणीने किती तरी वेळाने विचारलं, "आजी, तिला विचारलं होतं का कुणी?" सासूबाईंनी झोका पायाने थांबवला. "नही," म्हणाल्या.

चिठ्ठ्या तशाच मांडलेल्या राहिल्या. त्या अर्ध्या तासात पाचही मोबाइल कोनाड्यात होते.

कूलरबद्दल एक सांगून ठेवते, कारण इकडे खेळ आणणाऱ्या प्रत्येकाला ते नडेल. कूलरच्या दमट हवेने पत्ते दोन दिवसांत वाकतात आणि हातांच्या घामाने एकमेकांना चिकटतात. प्लॅस्टिकचा लेप असलेलेच घ्यावेत. रात्री कॅट दोरा बांधून जड पुस्तकाखाली ठेवावा आणि अधूनमधून जरा टाल्कम पावडर लावून पुसावा. कागदाच्या चिठ्ठ्या तर वाऱ्याने सरळ उडतात, आम्ही प्रत्येकीवर शेंगदाणा ठेवायचो. डाव संपेपर्यंत निम्मे शेंगदाणे खाऊन झालेले असायचे.

पोरं गेली त्याला आता तीन महिने झाले. थोरला जाताना तिन्ही कॅट घेऊन गेला, हॉस्टेलवर शिकवणार म्हणून. त्यात किलवरची चव्वी एक कमी आहे, तिच्या जागी पत्रिकेचा तुकडा आहे आणि सगळ्यांना तो पाठीमागून ओळखू येतो. नवी पाठवायची आहे.

परवा श्रावणातल्या पूजेचं आमंत्रण आलं. सासूबाईंनी ती पत्रिका वाचून झाल्यावर माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, मागची बाजू कोरी आहे, कापून ठेव. शब्दही त्यांनी काढून ठेवले होते. माप, वळण, पोत, कणगी, रास. 'रास'चे अर्थ त्यांनी बोटांवर मोजले, एक खळ्यातली, एक जन्माची. मी म्हटलं, "आई, तिसरा पण आहे, गोपाळांचा." त्यांनी तिसरं बोट उघडलं.

"मंग ती पहिले लिख," म्हणाल्या.